ओडनीने ओलांडलेल्या दोऱ्या

निम्मा चढ झाला तेव्हा ओडनी थांबली. दम लागला म्हणून नव्हे, बोलायला. चालता चालता तिला नीट भांडता येत नसे, आणि त्या सकाळी तिला सगळ्या बेटाशी भांडायचं होतं.

"सांग मला, चर्च कुठे आहे?"

मी खाली बोट दाखवलं. धक्का, धक्क्याला लागून बोटी ठेवायच्या लाकडी खोपट्या, आणि त्यांच्या पलीकडे पांढरं चर्च. घरातून निघून खालच्या रस्त्याने गेलं तर कॉफी निवायच्या आत माणूस पोचतं.

"आणि आपण कुठे चाललोय?"

"वर."

"खाली जायचं म्हणून वर चाललोय! डोंगराला वळसा घालून, दलदल तुडवून, बर्फाच्या घळीतून. दोन म्हाताऱ्या, पाठीवर मेणबत्त्या आणि पितळ घासायची फडकी घेऊन. का? तर माझ्या भावाला, टोर्लाइफला, आज मासा धरायचाय."

मासा म्हणजे साधा नव्हे, हॅलिबट. नॉर्वेच्या त्या उत्तरेकडच्या बेटावर कॉड कोणीही धरावा, कधीही धरावा, त्याला ना मुहूर्त ना विधिनिषेध. पण दाराएवढा रुंद, दोन्ही डोळे एकाच अंगाला असलेला हा चपटा मासा जुन्या लोकांच्या लेखी देवाचा. नाताळला तो, चौदाव्या वर्षी मुलं चर्चमध्ये मोठी ठरतात त्या कन्फर्मेशनच्या जेवणाला तो. दर्यावर त्याचं नाव घ्यायचं नाही, "म्हातारी" म्हणायचं. आणि त्याच्यासाठी निघालेल्या पुरुषाला धक्क्याच्या वाटेवर बाई आडवी आली की त्याने तोंडातून शब्द न काढता घरी परत जायचं. पुरुषांवर ही वेळ येऊ नये म्हणून बायकांनी वरची वाट पाडली होती. ओडनीची आई त्या वाटेने गेली, आजी गेली. चौऱ्याऐंशी सालीही, घरोघर टीव्ही आलेले असताना, ती वाट बुजली नव्हती.

ओडनीने पाठीवरची पिशवी खडकावर ठेवली आणि त्यातून तेलकट कागदाची एक गुंडाळी काढली. आत काय आहे ते मला माहीत होतं. तिच्या दोऱ्या.

मोठा दोर पुरुषांचा. तो बोटीत असतो, त्याला शिसं लागतं, तो ओढायला खांदे लागतात. पण त्या दोराच्या टोकाला, गळाच्या आधी, दोन वाव, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढा, जाड नायलॉनचा तुकडा लागतो. त्याला आम्ही नुसतं दोरी म्हणतो. मासा लागला की सगळा भार त्या दोरीवर. आणि टोर्लाइफच्या बोटीची दोरी ओडनीच्या स्वयंपाकघरात तयार होई.

ही दोरी निवडणं म्हणजे दुकानात जाऊन बोट दाखवणं नव्हे. गळ लागला की हॅलिबट सरळ पळत नाही, लोळतो. स्वतःभोवती गिरक्या घेत दोरी अंगाला गुंडाळून घेतो, आणि त्याची पाठ खरखरीत. म्हणून दोरी माशाहून लांब हवी, आणि काडेपेटीतल्या काडीएवढी जाड. गिरक्यांचा पीळ दोराला बसू नये म्हणून मध्ये पितळी फिरकी. ती हातात फिरते की नाही हे बघून भागत नाही, भाराखाली फिरली पाहिजे. ओडनी तिला पाण्याने भरलेली बादली टांगे आणि बादलीला टिचकी मारून बघे. गळाची गाठ आवळायच्या आधी तोंडात धरून ओली करायची, कारण कोरडं नायलॉन आवळताना तापतं आणि तिथेच पुढे दगा देतं. आणि सगळ्यात शेवटी अख्खी दोरी खालच्या ओठावरून हळूहळू ओढायची. मासळी सोलून सोलून तिची बोटं निबर झाली होती, डोळ्यांना चष्मा होता. पण नायलॉनवरची केसाएवढी चीर ओठाला कळते.

"माझ्या ओठावरून गेल्याशिवाय एक दोरी बोटीत गेलेली नाही," ती म्हणाली. "माझी थुंकी प्रत्येक गाठीत आहे. ती चालते. मी समोर आलेली चालत नाही."

मी या बेटावर बाहेरून आलेली. असल्या वाटा मी दुसरीकडेही पाहिल्या आहेत.

ओडनी लहानपणी बोटीत जात असे. धाकटी, बापाची लाडकी. बाप दोर ओढी आणि ही पुढच्या फळीवर बसून सुटलेला दोर गोल गुंडाळून ठेवी. एकदा एवढी मोठी म्हातारी लागली की बापाने आणि टोर्लाइफने मिळून ती बोटीत घेतली, आणि तिची शेपटी आपटू नये म्हणून ओडनी तिच्यावर चक्क पालथी पडून राहिली. ते सांगताना तिचा आवाज अजून बदलायचा. "थंडगार, आणि जिवंत. माझ्या पोटाखाली तिचं काळीज चालू होतं."

मग तिचं कन्फर्मेशन झालं. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी डोक्यावर हात ठेवला, जेवणं झाली, आणि संध्याकाळी बाप म्हणाला, उद्यापासून वरची वाट. मुलगी होती तोवर ठीक. आता बाई झाली.

"देवापुढे उभी राहून मी मोठी झाले," ओडनी म्हणाली, "आणि घरी येऊन बघते तर मी अपशकुन झाले. एकाच दिवशी. आता हे देवाने केलं की माझ्या बापाने?"

रडून रडून तिने घर डोक्यावर घेतलं. तेव्हा बापाने समजूत काढायला म्हणून तिला आईच्या हाताखाली दोऱ्या बांधायला बसवलं. आई गेल्यावर ते घर, ती चूल आणि ते काम ओडनीकडे आलं. लग्न झालं तरी तिथेच राहिली. नवरा इंगवाल्ड सालस माणूस होता, पण त्यानेही तिला कधी बोटीत घेतलं नाही. "मला काही वाटत नाही गं," म्हणायचा, "पण टोर्लाइफशी कोण वाद घालणार?" इंगवाल्ड वारला. त्याची वल्ह्यांची बोट खोपटीत पालथी पडून होती.

गेल्या वर्षी दोरी तुटली.

टोर्लाइफला म्हातारी लागली होती, चांगली निम्म्या बोटीएवढी. वर येऊन पाण्यात तिचं पांढरं पोट दिसलं, आणि ताड्कन दोरी गेली. तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा मेलेल्या माणसासारखा होता. उरलेला तुकडा त्याने ओडनीच्या टेबलावर टाकला.

तिने तो ओठावरून ओढला आणि ओठातून रक्त आलं. तुकडाभर चिराच चिरा. ती दोरी त्या वर्षीची नव्हतीच. आदल्या वर्षी मासा धरलेली, नंतर उन्हाळाभर बोटीच्या टपावर उन्हात पडलेली. नायलॉन उन्हाने मरतं आणि एका माशाशी झुंजलेली दोरी पुन्हा लावायची नसते, हे तिने त्याला किती वेळा सांगितलं असेल! पण टोर्लाइफच्या हातून कुठली वस्तू फेकली जायची नाही. नवी दोरी त्याने जपून ठेवली होती.

"ही जुनी आहे," ती म्हणाली.

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू ओलांडली असशील."

बाईने दोरी ओलांडली की ती बाद, हेही त्याच शहाणपणातलं.

"आणि मी गप्प बसले!" ओडनी आता खडकावर मूठ आपटत होती. "तोंडात मारल्यासारखी गप्प. सगळा हिवाळा गप्प. आता तो गाउटे, तालुक्याच्या गावातून तयार दोऱ्या घेऊन आलाय. पाकिटातल्या. सुतळीहून बारीक. म्हणतो, आत्या, ही माशाला दिसत नाही. अरे, त्या खोल काळोखात तिला काय दिसतंय? ती वासावर येते! पण नाही. आत्याची दोरी नको. आत्याची दोरी खराब."

गाउटे म्हणजे टोर्लाइफचा मुलगा. आणि गाउटेची मुलगी सुनिव्हा. तिचंच उद्या कन्फर्मेशन, त्याच्यासाठीच आम्ही चर्च झाडायला चाललो होतो आणि त्याच्याच जेवणासाठी हॅलिबट हवा होता. सुनिव्हा चालायला लागली तेव्हापासून आजोबांच्या बोटीत. पुढच्या फळीवर तीच बसायची.

"परवापासून ती या वाटेला," ओडनी म्हणाली. "हाच खडक, हीच घळ. आणि तिला दोऱ्या बांधायलाही कोणी सांगणार नाही. दोऱ्या आता पाकिटात येतात."

तेवढ्यात खाली दार वाजलं. त्या बेटावर हवा स्थिर असली की दारांचे आवाज डोंगरापर्यंत येतात. टोर्लाइफ आणि गाउटे घरातून निघाले होते. गाउटेच्या हातात आमिषाची बादली होती.

ओडनीने गुंडाळी पिशवीत घातली, पिशवी पाठीवर टाकली आणि वाट सोडून सरळ उतरायला लागली.

"ओडनी, कुठे चाललीस?"

"चर्चला," ती म्हणाली. "जवळच्या रस्त्याने."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि तिच्यामागे निघाले. निसरड्या गवतावरून, धोंड्यांवरून, कॉड वाळवायच्या रिकाम्या मांडवांमधून ती अशी उतरली की तिच्या सांध्यांचं दुखणं मला खोटंच वाटायला लागलं. धक्क्याच्या अलीकडे रस्ता वळतो तिथे, मधोमध, ती जाऊन उभी राहिली.

टोर्लाइफ मान खाली घालून चालत होता. त्याला आधी तिचे बूट दिसले. तो थांबला. मग त्याने वर बघितलं आणि तोंड फिरवलं, जुन्या रीतीप्रमाणे. अशा वेळी बोलायचंसुद्धा नसतं.

"आत्या!" गाउटे ओरडला. "हे काय केलंस?"

"चालतेय. सरकारी रस्ता आहे."

"अगं पण आज? उद्या घरी एवढी माणसं येणार, सोयरे मुख्य बेटावरून बोटीने येणार. त्यांना वाढायचं काय?"

"बटाटे."

"आत्या, मस्करी नको. तुला माहितीये बाबा आता जाणार नाहीत."

"मग तू जा. तुझा विश्वास आहे का यावर?"

गाउटेने बापाच्या पाठीकडे बघितलं. "माझा नाही. पण..."

"पण काय? तुझा नाही, इंगवाल्डचाही नव्हता. कोणाचाच नसतो. आणि वाट मात्र बायकांनीच तुडवायची!"

टोर्लाइफ पाठमोराच बोलला. "गाउटे, तिला विचार, गेल्या वर्षी दोरी ओलांडली होती की नाही."

"त्यालाच विचारू दे," ओडनी म्हणाली. "तोंड आहे ना त्याला? गाउटे काय टेलिफोन आहे?"

धक्क्याच्या फळ्यांखाली पाणी चुबुकचुबुक करत होतं. आणि मग टोर्लाइफ सावकाश वळला. त्याने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं.

"ओलांडलीस की नाही?"

"ओलांडली."

गाउटेच्या तोंडून "आत्या..." एवढंच निघालं. टोर्लाइफच्या चेहऱ्यावर कसलं तरी समाधान आलं, हरवलेली वस्तू सापडल्यासारखं. ते ओडनीला दिसलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"थांब, खूश होऊ नकोस. गेल्या वर्षी ओलांडली. त्याच्या आदल्या वर्षी ओलांडली. ज्या वर्षी तुला ती सगळ्यात मोठी मिळाली आणि तू गावभर कॉफी पाजलीस, त्याही वर्षी ओलांडली. माझं स्वयंपाकघर तू बघितलंयस ना? तिथेच जन्मलास. दोरीचा पीळ जावा म्हणून ती चुलीजवळच्या खिळ्यापासून दाराच्या मुठीपर्यंत ताणून ठेवावी लागते. रात्रभर, दिवसभर. या बाजूला मी, त्या बाजूला कॉफीची किटली. मी काय उडत जाऊ? का पोटावर सरपटत जाऊ, तुझ्या माशाला वाईट वाटू नये म्हणून?"

"कधी बोलली नाहीस," टोर्लाइफ म्हणाला.

"कोण विचारत होतं? तुम्हाला दोरी हवी होती. ती कुठे, कशी तयार होते ते बघायला कोण येत होतं?"

टोर्लाइफची नजर तिच्यावरून खोपटीच्या भिंतीकडे गेली. मोठा मासा धरला की त्याची शेपटी भिंतीवर ठोकायची, ही तिथली रीत. वाळून काळ्या पडलेल्या, पंख्यासारख्या पसरलेल्या शेपट्या. खालच्या ओळी त्याच्या, वरच्या बापाच्या. ओडनीनेही तिकडेच हात केला.

"बघ, नीट बघ. त्यातली एकेक माझ्या पायाखालच्या दोरीवर आलेली आहे."

"वरच्या नाहीत," टोर्लाइफ घाईने म्हणाला. "वरच्या आईच्या वेळच्या आहेत. आईने कधी..."

"आई कुठल्या स्वयंपाकघरात राहायची?" ओडनी म्हणाली. "तिला काय पंख होते?"

टोर्लाइफने टोपी काढली, तिच्या आत बघितलं आणि पुन्हा घातली. मला त्या क्षणी त्याची दया आली. माणसाच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची तर ती अशी, एका कॉफीच्या किटलीने.

ओडनीचा आवाज जरा खाली आला. राग गेला नव्हता, फक्त आत वळला होता. "सगळा हिवाळा मला झोप नव्हती, टोर्लाइफ. तुला कळतंय का? ओठातून रक्त आलं, चिरा दिसल्या, दोरी जुनी होती हे मला समोर दिसत होतं. तरी तू म्हणालास ओलांडली असशील, आणि मी ओलांडली होती, म्हणून निम्मं मला खरं वाटलं. मला! दोऱ्या बांधणारीला! पापासारखं घेऊन बसले मी ते. चर्चमध्ये गुडघे टेकले की तेच. आणि मग या वसंतात, ह्याच दोऱ्या ताणलेल्या असताना, हातात किटली, एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे, अशी मध्येच उभी राहिले आणि मला ही भिंत आठवली. सगळ्या शेपट्या आठवल्या. हसूच आलं आधी. राग नंतर आला. तो अजून उतरला नाही."

"आज जायचं नाही," टोर्लाइफ शेवटी म्हणाला. "वाटेत बाई भेटली."

"बहीण भेटली म्हण."

तो वळला आणि घराकडे चालायला लागला. गाउटेने खिशातलं पाकिटांचं पुडकं चाचपलं, बादली उचलली आणि त्याच्यामागे निघाला.

"बादली राहू दे," टोर्लाइफ मागे न बघता म्हणाला.

"इथे? रस्त्यात?"

"ताजी हेरिंग मासळी आहे. घरी नेऊन काय करायची? राहू दे."

कोणासाठी राहू दे ते त्याने सांगितलं नाही. गाउटेने बादली रस्त्याच्या कडेला ठेवली, आत्याकडे एकदा बघितलं, आणि लहानपणी मार चुकल्यावर पळायचा तसा लांब ढांगा टाकत निघून गेला. त्यांच्या घराच्या खिडकीत पडदा हलल्यासारखा मला वाटला. सुनिव्हाची वेणी असावी. नक्की सांगता येत नाही.

ओडनी तिथेच उभी होती. मला वाटलं, आता हिचं अवसान गळेल, आता ही रडेल. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पण ती मेणबत्त्यांची पिशवी उतरवून त्यातली दोऱ्यांची गुंडाळी काढत होती.

"ही चर्चच्या पायरीवर ठेवून ये. पितळ संध्याकाळी घासू. देव काही पितळेत तोंड बघायला बसलेला नाही."

मी पिशवी ठेवून आले तेव्हा इंगवाल्डची खोपटी उघडी होती. ओडनीने एकटीने बोट सुलटी केली होती आणि ती लाकडी रुळांवरून पाण्याकडे ढकलत होती. मी हात लावला. बोटीला डांबराचा आणि बंद जागेचा वास येत होता. पाण्यात शिरल्यावर बोटीने थोडं पाणी आत घेतलं, मग लाकूड फुगलं आणि ती धरून राहिली. ओडनीने हेरिंगची बादली आत ठेवली. इंगवाल्डचा मोठा दोर खुंटीवरून काढून, हाताने ओढून ओढून तपासला आणि गोल गुंडाळून पुढच्या फळीजवळ ठेवला. मग तेलकट कागद उलगडला.

त्यातल्या दोऱ्यांपैकी एक तिने निवडली. का तीच, ते मला कळलं नाही. मला सगळ्या सारख्या दिसत होत्या. पुन्हा एकदा ती ओठावरून ओढली, अगदी सावकाश, डोळे मिटून. फिरकी जोडली, गाठ तोंडात धरून आवळली, गळाचं टोक नखावर टेकवून बघितलं. मग ती दोरी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, बोटीच्या मधोमध, आडवी ताणून बांधली आणि स्वतः पलीकडे जाऊन पुढच्या फळीवर बसली. चौदाव्या वर्षी जिथून तिला उठवलं होतं, तिथे. वल्ही अलीकडे नव्हती. तिने ती आपल्या बाजूला ओढून घेतली होती.

मी धक्क्यावर उभी होते. माझे बूट चिखलाने भरले होते. इतकी वर्षं त्या बेटावर काढून माझाही पाय तिथे अडला, हे मला त्याआधी कोणी सांगितलं असतं तर मी मान्य केलं नसतं.

"तुला वल्हवता येतं ना?" ओडनीने विचारलं.

"येतं."

"मग ये. एकटीच्याने म्हातारी बोटीत यायची नाही. तुला एकच सांगणं आहे." तिने दोरीकडे बोट दाखवलं. "काठावरून वळसा घालून येऊ नकोस. ओलांडून ये. त्यांच्या घराच्या खिडकीतून दिसेल अशी, पाय उंच उचलून, सावकाश."